उन्हाळी लागली की पाण्याने जंतू ‘धुऊन’ निघतात का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा आशय असा: लघवीची जळजळ म्हणजे अंगातली उष्णता. जंतू असलेच तर मूत्राशयात नुसते तरंगत असतात, पाच-सहा लिटर पाणी प्यायलं की वाहून जातात. सोबत खायचा सोडा घ्या. जळजळ थांबली की आजार संपला, अँटिबायोटिक कशाला?

उष्णतेचं अर्धंच खरं आहे. घामाने पाणी गेलं की लघवी दाट होते, चुरचुरते. पण पुन्हा पुन्हा घाई, थेंब थेंब लघवी, ओटीपोटात कळ आणि गढूळपणा असेल तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो. अशा साध्या संसर्गांत चारातल्या तीन वेळा तरी आपल्याच आतड्यातला ई. कोलाय सापडतो.

आणि तो तरंगत नसतो. मेसेज सपशेल चुकतो तो इथे. सुमारे २ मायक्रॉन लांबीच्या या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे. प्रत्येक तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरात सर्वांत वरच्या पेशींवर युरोप्लाकिन प्रथिनांची फरसबंदी असते आणि तिच्यावर मॅनोज ही साखर. फिमएच नेमकी तीच धरतं. त्याचे दोन भाग एकमेकांना टेकलेले असताना साखरेची खोबण सैल असते. धारेने तंतू ताणला की हे भाग सुटे होतात आणि खोबण साखरेवर मिटते. ओढल्यावर फास आवळावा, तसं. शिवाय तंतू स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असल्याने उलगडत जाऊन झटका पचवतो. म्हणजे धार मोकळे जंतू नेते. चिकटलेले उलट घट्ट धरून बसतात.

पुढची पायरी पेशीच्या आत. फिमएच पेशीवरच्या इंटिग्रिन प्रथिनांनाही धरतं, पेशीतला अ‍ॅक्टिनचा सांगाडा हलतो आणि पेशीचं आवरण चेन लावावी तसं जंतूभोवती बंद होतं. पेशी बरेच जंतू परत बाहेर टाकते. काही मात्र पेशीद्रवात निसटतात आणि तिथे गठ्ठ्याने वाढतात. उंदरांत असे गठ्ठे २००३ साली दाखवले गेले, २००७ मध्ये संसर्ग झालेल्या स्त्रियांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींतही ते दिसले. बाधित पेशी गाळून टाकणं हा शरीराचा बचावच. पण त्यामुळे खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात आणि उंदरांत जंतू तिथे आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहिलेले आढळले आहेत. तिथवर कुठलं पाणी पोचणार?

मग पाणी फुकट? मुळीच नाही, फक्त त्याचं काम वेगळं. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला १.५ लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या १४० स्त्रियांवरची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज १.५ लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. हा प्रतिबंध झाला, उपचार नव्हे. पाच-सहा लिटरचा आकडा तर हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोक्याचाच.

सोड्याने लघवीची आम्लता कमी होऊन जळजळ शमू शकते, जंतू तिथेच राहतात. रक्तदाब असेल तर वर सोडियमचा भार.

हल्ली मॅनोजची पावडरही विकली जाते: फिमएचला खोटी साखर देऊन फसवायचं. कल्पना सुरेख. आपलं मूत्रपिंडही युरोमॉड्युलिन हे प्रथिन सोडून हेच करतं. पण ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज २ ग्रॅम मॅनोज किंवा दिखाऊ पावडर देऊन पाहिली, तेव्हा दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक पडला नाही (२०२४).

अँटिबायोटिकविना काहींची साधी उन्हाळी बरी होते, हे मान्य. पण गरोदरपण, मधुमेह, लहान मूल किंवा पुरुष रुग्ण असेल, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील, तर वाट पाहू नये. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची पट्टीही नको, भारतातल्या ई. कोलायचा मोठा वाटा तिला जुमानत नाही. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, लघवी पहिल्या गोळीआधी द्यावी: सुरुवातीची धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत. दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. आणि नमुना देण्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नये, लघवी पातळ होऊन जंतूंची मोजणी खोटी कमी येते.