'संगीताला जात नसते' म्हणे!

आज गोव्यातल्या फोंड्यात गाण्याच्या एका बैठकीला गेले होते. गाणं सुरेख झालं. मग शाल, श्रीफळ, आणि प्रमुख पाहुणे उठले. 'संगीताला जात नसते, धर्म नसतो. आमच्या केसरबाईंचा सूर तर अंतराळात गेलाय!' कडाडून टाळ्या. तेव्हापासून डोकं फिरलंय.

1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानातून गायिका केसरबाई केरकरांची भैरवी गेली, खरंय. पण केरीची ही बाई कुठल्या घरातली, ते सांगायला पाहुण्यांची जीभ का रेटेना? कलावंत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, देवळाच्या सेवेतल्या समाजातली. कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरही त्याच समाजातल्या. देवळात गायचं, नाचायचं, यजमानाच्या आधारावर जगायचं, लग्नाचं नाव काढायचं नाही. संगीताला जात नसेल हो. गाणारणीला होती ना!

माझी आजी याच समाजातली. आवाज काय होता म्हणे! म्हणे, कारण मी तिला गाताना ऐकलंच नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं घर घुमट-शामेळ ही आमची चर्मवाद्यं घेऊन आरतीला बसायचं आणि ही स्वयंपाकघराच्या दारात, ओठ मिटून. आत्याने एकदा मोठ्याने नाट्यपद धरलं, तर धावत आली, 'गायनाका गो, लोक आयकतले!'

लोक ऐकतील! याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मांडी ठोकून ऐकलं होतं की.

समाज उठला तो स्वतःच्या हिमतीवर. समाजातल्याच राजाराम पैंगीणकरांसारखी सुधारक माणसं उभी राहिली, मुलींची देवळातली चाकरी सुटली, त्या शाळेत गेल्या, लग्नं झाली. 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे मुख्यमंत्री झाले, तेही याच समाजाचे. पण प्रतिष्ठा हवी तर गाणं सोडा, असा तो सौदा होता. कितीतरी घरांनी तंबोरे माळ्यावर टाकले. आजीने ओठ मिटले ते त्यापायी. याचा हिशोब कोण देणार? पाहुणे?

गाण्यामुळेच दारं उघडली, असं कुणीतरी खाली लिहीलच. उघडली, बाबा. अल्लादिया खाँसाहेब मुसलमान, त्यांनी केसरबाई-मोगूबाईंना शिकवलं आणि अख्ख्या हिंदुस्थानाने कान टवकारले. शिवोली गावच्या जागरात, त्या रात्रीच्या लोकनाट्यात, हिंदू-ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तेही पाहिलंय, आणि पाहताना डोळे भरून आलेत माझे. सूर माणसाला हलवतो, यावर माझा विश्वास नसता तर आज बैठकीला तरी कशाला गेले असते? फक्त हललेल्या माणसाने पुढे काहीतरी करायचं असतं. गाणारीला पंगतीत आपल्या शेजारी बसवायचं असतं. टाळ्या वाजवून घरी गेलात, तर न्याय कसला न्‌ शांती कसली!

जाऊ दे. लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण मघाशीच आत्याचा फोन आला. तीच ती, नाट्यपदवाली. सत्तरी ओलांडल्यावर बाई आता बायकांच्या घुमट आरतीच्या पथकात शिरलीय. ताल चुकवते, शामेळवाल्या पोरी वैतागतात, आणि ही त्यांनाच दटावते. आवाज असा लावते की अख्ख्या वाड्याला ऐकू जावा.

तर मंडळी, चवथीआधी त्यांची स्पर्धा आहे आणि दोन घुमटं कमी पडतायत. कुणाकडे असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. बकरीच्या कातड्याचीच हवीत. आजोबांच्या वेळची घोरपडीची असतील तर इकडे फोटोसुद्धा टाकू नका, बंदी आहे!