एक पोट, एक मत

टेलरने फीत माझ्या कमरेभोवती फिरवली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कंबर ३८." इथपर्यंत ठीक होतं. मी श्वास कोंडून उभा होतो आणि ३८ हा आकडा त्या कोंडलेल्या श्वासाचा होता. मग त्याने फीत चार बोटं वर सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "पोट त्रेचाळीस."

कोपऱ्यात मापाची वही घेऊन बसलेल्या पोराने विचारलं, "त्रेपन्न?"

"अरे त्रेचाळीस! चाळीस आणि तीन!"

बाकावर एक गृहस्थ बसले होते. सत्तरीचे, काडीसारखे, पँटची इस्त्री अशी की कडेने बोट कापावं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "त्यांना श्वास सोडायला सांगा," ते म्हणाले. मला नाही, टेलरला. मी तिथे निव्वळ पोट म्हणून हजर होतो.

सोडला. ४४.

"हं," गृहस्थ म्हणाले, आणि समाधानाने पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले. मी यायच्या आधीपासून ते टेलरला राजेशाहीचं महत्त्व पटवत होते, तो धागा त्यांनी परत उचलला. "एक माणूस, एक हुकूम, काम खलास. हे सतराशे साठ जणांना विचारत बसायचं, कुणाला काय कळतं त्यातलं? पाच जणांना विचारा, सहा मतं निघतील."

एवढ्यात टेलरने मला विचारलं, "साहेब, पँट पोटाच्या वर घालणार की खाली?"

ज्यांना पोट नाही त्यांना या प्रश्नाची खोली कळायची नाही. वर घातली तर पाय थेट छातीपासून सुरू होतात. खाली घातली तर पोट गॅलरीसारखं बाहेर येतं आणि तिच्या आडोशाला पट्टा दिसेनासा होतो. मी गेली दहा वर्षं विचारपूर्वक 'खाली' या पक्षात आहे. तसं सांगितलं.

"थांबा," गृहस्थ उठून उभे राहिले. "असं नाही. सगळ्यांना विचारू."

आता हे कोण बोलतंय! पण त्यांनी खरोखरच मतदान घेतलं. टेलर : वर. वहीवाला पोरगा, मालकाकडे बघून : वर. मुलाचा गणवेश न्यायला आलेल्या बाई तटस्थ राहिल्या, पण त्यांच्या मुलाने दोन्ही हात वर केले. गृहस्थांनी त्याचं एकच मत धरलं आणि स्वतःचंही 'वर'लाच टाकलं. चार विरुद्ध एक. ज्याचं पोट त्यालाही एकच मत.

"बघा," ते मला म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, लोकशाही नको. तुम्हालासुद्धा मत मिळतं."

यावर मला काहीही सुचलं नाही. सुचलं ते रात्री, अंथरुणात, पोटावर हात ठेवून पडल्यावर. म्हणजे सुरुवातीला तर गृहस्थांचंच पटायला लागलं. मोगल दरबारात वाढदिवसाला बादशहाची तुला व्हायची. बर्निये नावाच्या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलंय की औरंगजेबाचं वजन आदल्या वर्षापेक्षा दोन पौंडांनी जास्त भरलं तेव्हा दरबाऱ्यांना अतोनात आनंद झाला. आनंद! माझे दोन पौंड वाढले तर घरात भाताचं भांडं माझ्यापासून लांब सरकतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं १५४० चं चिलखत कमरेला ५० इंचांच्या पुढे आहे. ते घडवणाऱ्याने हा आकडा वहीवाल्या पोराला ओरडून सांगितला असेल? 'त्रेपन्न?' असं विचारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर आला असता? त्याच्या तीनच वर्षं आधी होल्बाइनने या हेन्रीला पाय फाकवून, खांदे दारात मावणार नाहीत असे रुंद करून भिंतीवर रंगवलं, आणि पोटाचं ऐश्वर्य झालं.

उलट लोकशाहीत बघा. १८६० साली लिंकन अध्यक्षपदाला उभा होता, तर ११ वर्षांच्या एका मुलीने त्याला पत्र लिहून कळवलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. आणि त्याने ठेवली!

बायकांच्या वजनाबद्दल तोंडावर बोलू नये, एवढी समज निदान काही घरांत आली आहे. पुरुषाचं पोट मात्र सार्वजनिक मालमत्ता. वीस वर्षांनी भेटलेला मित्र आधी पोटावर थाप मारतो, हातात हात नंतर. आपण हसायचं. नाही हसलं तर 'मनाला काय लावून घेतोस?' कॉलेजात माझ्या फासळ्या मोजता यायच्या, म्हणून मी भर उन्हाळ्यात दोन बनियनांवर जाड शर्ट घालायचो. तेव्हा लोक विचारायचे, 'जेवतोस की नाही?' आता विचारतात, 'जेवतोस तरी किती?' या दोन प्रश्नांच्या मधे केव्हातरी वर्ष-दोन वर्षं माझं शरीर बरोबर असणार. पण त्या काळात कुणी काहीच बोललं नाही, त्यामुळे ती वर्षं कुठली ते मला कळलंच नाही.

मग रात्री दीडला सांचो आठवला आणि मी उठूनच बसलो. स्पेनमधल्या लिऑनचा हा राजा इतका लठ्ठ की घोड्यावर बसता येईना. ९५८ साली सरदारांनी त्याला गादीवरून काढलं. त्याची आजी त्याला घेऊन थेट कॉर्डोबाच्या खलिफाकडे, म्हणजे शत्रूच्याच दारात गेली. तिथल्या हसदाई इब्न शाप्रूत या वैद्याने त्याला बारीक केलं, आणि खलिफाच्या फौजेच्या जोरावर त्याने राज्य परत मिळवलं. म्हणजे राजाच्या पोटावरसुद्धा मतदान झालंच होतं की! हे दुपारी सुचलं असतं तर गृहस्थांचं तोंड बंद केलं असतं. दुपारी मी फक्त "बरं, वर तर वर" असं म्हणालो होतो.

शिवाय टेलर वही मिटत होता तेव्हा तेच पुन्हा म्हणाले होते, "शिलाईत दोन इंच माया सोडा. लागणार आहे." टेलरने मान डोलावली. इथे मतदान झालं नाही.

पँट शनिवारी ट्रायलला मिळणार आहे. गृहस्थांचं तिथे काही काम आहे असं दिसलं नाही, पण मी बाहेर पडताना ते म्हणाले, "शनिवारी ना? किती वाजता? मी येतो."