नेमबाजाचा मेंदू 'बंद' पडत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर पंधरा-वीस दिवसांनी नव्याने उगवतो. तो थोडक्यात असा: "ऑलिम्पिक नेमबाज गोळी झाडतो तेव्हा त्याचा मेंदू पूर्ण बंद असतो. डावा मेंदू झोपतो, उजवा जागा होतो. मनात शून्य विचार, म्हणून हात हलत नाही, छाती धडधडत नाही. अर्जुनाचं रहस्य हेच! मुलांना रोज वीस मिनिटं अल्फा संगीत ऐकवा, एकाग्रता आपोआप वाढेल." खाली संगीताची लिंक, अर्थातच. माझी भाची दीड वर्षापासून एअर पिस्तूल चालवते, त्यामुळे हा मेसेज मला खास टॅग करून पाठवला जातो. एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

छाती धडधडत नाही, हा दावा आधी निकालात काढू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकलं. नंतर त्यानेच पत्रकारांना सांगितलं की छाती जोरात धडधडत होती, पोटात काळ्या चहाशिवाय काही नव्हतं आणि तो श्वास सांभाळत होता. धडधड आणि थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंदी घातलेली आहेत. 2008 साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं त्याच कारणाने काढून घेतली गेली. चॅम्पियनची छाती धडधडतच नसती, तर ही बंदी घालायची गरजच काय होती? हातही हलतोच. रेंजवर सगळ्यांना ठाऊक असतं की होल्ड, म्हणजे नेम धरून ठेवलेला हात, पूर्ण स्थिर कधीच होत नाही. ते हलणं मान्य करून त्यातच ट्रिगर दाबायचा असतो.

आता मुख्य मुद्दा, मेंदू 'बंद' पडण्याचा. याच्या मुळाशी खरं संशोधन आहे, म्हणूनच मेसेज पटतो. 1984 मध्ये हॅटफील्ड, लँडर्स आणि रे यांनी निष्णात रायफल नेमबाजांच्या डोक्याला ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारे, इलेक्ट्रोड लावले. गोळी सुटण्याच्या आधीच्या काही सेकंदांत डाव्या कानाच्या वरच्या भागात अल्फा लहरी वाढताना दिसल्या. सेकंदाला साधारण आठ ते बारा आंदोलनांची ही लहर एखाद्या भागात वाढली, की तो भाग त्या क्षणी कामातून मोकळा आहे असं ढोबळमानाने समजतात. डावीकडचा हा भाग भाषेशी जोडलेला आहे. म्हणजे 'कोपर सरळ ठेव, श्वास सोड, आता दाब' ही मनातली बडबड थांबते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पण एका भागातली बडबड थांबणं वेगळं आणि अख्खा मेंदू बंद पडणं वेगळं. 2008 मध्ये डॉपेलमायर आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञ आणि नवशिके रायफल नेमबाज ताडून पाहिले. शेवटच्या तीनेक सेकंदांत तज्ज्ञांच्या कपाळामागच्या मधल्या भागात थीटा लहरी (अल्फापेक्षा संथ लहरी) चढत गेल्या. ही खूण लक्ष टिकवून धरण्याची मानतात. झोपलेल्या मेंदूत ती कशाला चढेल? त्याच वर्षी बाबिलोनी आणि सहकाऱ्यांनी गोल्फपटूंचे ईईजी पट तपासले. चेंडू भोकात गेला त्या वेळी हालचालीशी संबंधित भागावरची अल्फा उलट घटलेली होती, म्हणजे तो भाग जास्त कामात होता. डावा झोपतो आणि उजवा जागा होतो, ही वाटणी कुठेच बसत नाही.

संगीताच्या लिंकवाल्यांसाठी दोन गोष्टी. हॉफलर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये नेमबाज आणि नवशिके यांना नेम धरायला लावलं, शिवाय शब्दांचं आणि ठिपके शोधण्याचं काम दिलं. नेम धरताना दोघांच्या मेंदूत स्पष्ट फरक होता. बाकीच्या कामांत तो राहिला नाही. म्हणजे ही शांतता बंदुकीपुरती कमावलेली असते, ती दहावीच्या गणितात आपोआप उतरत नाही. दुसरी गोष्ट लँडर्स यांच्या 1991 च्या तिरंदाजांवरच्या प्रयोगाची. मेंदूचे संकेत दाखवून सराव करून घेतल्यावर एका गटाचा नेम सुधारला, पण ज्यांना चुकीच्या बाजूचा सराव दिला त्यांचा बिघडला. लिंक पाठवणारे हा दुसरा भाग का सांगत नाहीत, ते तुम्हीच ओळखा.

आणि नुसत्या शांततेने काय होतं ते अमेरिकन नेमबाज मॅथ्यू एमन्सला विचारा. अथेन्स ऑलिम्पिक, 2004. थ्री पोझिशनची अंतिम फेरी, शेवटची गोळी, तीन गुणांची आघाडी. साधारण शॉटनेही सुवर्ण नक्की होतं. त्याची नेहमीची सवय म्हणजे आधी टार्गेटवरचा क्रमांक बघायचा आणि मग रायफल खाली मध्यावर आणायची. त्या दिवशी तो स्वतःला शांत करण्यात इतका गुंतला की ती पायरी राहून गेली. गोळी लागली, पण शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य गुण, आठवा क्रमांक.

राहिला अर्जुन. त्याला पक्ष्याचा डोळा दिसत होता, म्हणजे लक्ष रिकामं नव्हतं, एका जागी खिळलेलं होतं. गंमत अशी की पिस्तुलाच्या रेंजवर तेवढंही चालत नाही. भाचीच्या पहिल्याच दिवशी मी मागे बाकावर बसलो होतो. ती दहा मीटरवरच्या काळ्या गोलाकडे डोळे ताणून बघत होती आणि पेलेट कागदभर विखुरले होते. सर मागून म्हणाले, "टार्गेट सोड. फोरसाईट बघ, नळीच्या टोकाचा. तो काळा गोल धूसर दिसला पाहिजे." तिने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की या माणसाला काही कळतं का!

तो बदल पचायला तिला महिने लागले. केरिक आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना बारा-चौदा आठवडे पिस्तुलाचं प्रशिक्षण देताना त्यांचे ईईजी पट घेतले, तेव्हा डावीकडची ती अल्फा सरावाबरोबर वाढत गेलेली दिसली. आधी सराव, मग अल्फा, हा क्रम मेसेजमध्ये उलटा झाला आहे.

भाची सध्या रोज संध्याकाळी वीस मिनिटं हॉलच्या कोऱ्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर करते. आतल्या खोलीत आजीची मालिका चालू असते, पूर्ण आवाजात.