मावशी, ते रक्त नाही, रंग आहे

उपवासकाळाचा पहिला आठवडा. वसईला मावशीकडे गेलो, तर काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूची तसबीर भिंतीवर नव्हती. कळायला लागल्यापासून ती तिथेच पाहिलेली. विचारलं तर मावशी म्हणाली, "कपाटात ठेवलीय," आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

मजकूर असा होता: पाचशे वर्षांपूर्वी नेदरलँड्समधले चित्रकार कैद्यांना हाल हाल करून मारायचे आणि त्यांचे चेहरे बघून येशू रंगवायचे. चित्रांत माणसाचं खरं रक्त आहे, म्हणून ते आजही लालभडक दिसतं. लोकांना धाकात ठेवायला चर्चने ही चित्रं करून घेतली. तैलरंगाचा शोध याच लोकांनी लावला, पण कल्पकता शून्य, सगळ्या एकमेकांच्या नकला. आणि शेवटी, असली चित्रं घरात ठेवल्याने मन खचतं, आजारपण येतं. सोबत तीन चित्रं.

हा मजकूर मला आधी तीन ठिकाणांहून आला होता. दर वेळी वाचून सोडून दिला. ते चुकलंच. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर मावशीपर्यंत पोहोचायच्या आत कुणीतरी थांबलं असतं.

रक्तापासून सुरुवात करतो, कारण मावशीला तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. जखमेवर बांधलेलं फडकं दुसऱ्या दिवशी सोडून बघा. लाल असतं का? तपकिरी होतं, मग काळपट. रक्तातलं लोह हवेने बदलतं आणि रंग जातो. पाचशे वर्षं लालभडक राहिलंय, हाच ते रक्त नसल्याचा पुरावा आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने तोच उलटा करून वापरलाय.

मग तो लाल आहे कशाचा? हे तर्काने सांगायची गरजच नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले शास्त्रज्ञ चित्रांवरून रंगाचा टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली थर न् थर तपासतात, आणि १९७७ पासून ते निष्कर्ष छापतही आलेत. त्या काळच्या चित्रांतला लाल म्हणजे मुख्यतः हिंगूळ (पारा आणि गंधकाचा लाल रंग), आणि त्यावर पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात. हा पारदर्शक लाल आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीपासून किंवा केर्मिस नावाच्या किड्यापासून मिळायचा. कधी लाखेपासूनही, आणि लाख युरोपात जायची ती भारतातून. बऱ्याचदा रंगारी तो थेट किड्यापासून काढतही नसत. फ्लँडर्स, म्हणजे तेव्हाच्या नेदरलँड्सचा आणि आजच्या बेल्जियमचा भाग, हा लोकरी कापडाचा प्रदेश. भारी लाल कापड कातरताना जी लव पडे, ती क्षाराच्या पाण्यात उकळून तिचा रंग उतरवायचे आणि तुरटी घालून तो खाली बसवायचे. हा रंग जवसाच्या तेलात खलला की काट्याखालून ओघळणारा थेंब तयार. श्रीमंतांच्या झग्यांची कातरण येशूच्या कपाळावर रक्त होऊन उतरली. हे मला त्या बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

कैद्यांचे हाल करून चित्र काढल्याची गोष्ट नवीन नाही, आणि नेदरलँड्सची तर मुळीच नाही. थोरल्या सेनेका या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी ती नोंदवून ठेवली आहे. त्यात पऱ्हासिओस नावाचा ग्रीक चित्रकार पुराणातला प्रोमिथियस रंगवण्यासाठी एका म्हाताऱ्या युद्धकैद्याचा छळ करतो आणि म्हातारा मरतो. रोमन वक्त्यांना सरावासाठी काल्पनिक खटले देत, त्यांतला हा एक. पऱ्हासिओसच्या जागी डच आणि प्रोमिथियसच्या जागी येशू बसवला की झाला मजकूर. शिवाय नकला आणि कैदी या दोन गोष्टी एकाच मजकुरात बसत नाहीत. नमुन्यावरून उतरवलेल्या चित्राला समोर मरणारा माणूस कशाला लागेल?

नकलांचं म्हणाल, तर त्या होत्या. आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेन शहरातला चित्रकार दीरिक बाउट्स याच्या कार्यशाळेने आणि पुढे त्याचा मुलगा आल्ब्रेख्त याने काट्यांच्या मुकुटातला येशू पुन्हा पुन्हा रंगवला. लोकांना तोच चेहरा हवा होता. वेगळा विठोबा मागायला पंढरपुरात कोण जातं?

तैलरंगाचा 'शोध'ही चुकीचा. ही कथा पसरली ती चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटलीच्या वासारीने १५५० मध्ये यान व्हान आइक या फ्लँडर्सच्या चित्रकाराबद्दल लिहिल्यावर. तेलात रंग खलण्याची कृती बाराव्या शतकातल्या थिओफिलसच्या ग्रंथातही आहे. मात्र त्या तेलातून गालावर थांबलेला अश्रू काढून दाखवला तो व्हान आइकच्या पिढीने, एवढं कबूल.

आता चर्चच्या धाकाचं. यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. दुःखी येशूच्या चित्रापुढे ठरावीक प्रार्थना म्हटल्या की शुद्धिस्थानातल्या (मेल्यावर स्वर्गाआधी पापं फेडायच्या जागेतल्या) शिक्षेत सूट मिळेल, असं चर्च सांगायचं, आणि त्यामागे भीती होतीच. पण चित्रं कोण घेत होतं ते बघा. रोखीर व्हान डर वेयडेन या चित्रकाराचं वधस्तंभावरून येशूला उतरवण्याचं जे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, ते लुव्हेनच्या तिरंदाजांच्या संघाने आपल्या प्रार्थनालयासाठी करून घेतलं. वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत त्यांची इवलीशी आडवी धनुष्यं आहेत. त्या चित्रात मारिया बेशुद्ध होऊन कोसळते, आणि तिचं शरीर मुलाच्या निर्जीव शरीरासारखंच वळलेलं आहे. यात धाक कुठे दिसतो?

लहान चित्रं तर बाजारात मिळायची. अँटवर्पला १४६० पासून जत्रेच्या दिवसांत चित्रांचा खास बाजार भरे. व्यापारी, कारागीर, विधवा बायका तिथून तयार चित्र घेऊन घरी जात. त्याआधी ऐंशीएक वर्षं डेव्हेंटर गावच्या खेर्त ग्रोटे या धर्मोपदेशकापासून सुरू झालेली चळवळ साध्या माणसांना शिकवत होती, की येशूचं दुःख रोज थोडा वेळ मनात आणा, त्याच्याजवळ बसा. दयेसाठी डच भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच 'सोबत सोसणं' असा होतो. धाकाने माणूस दूर पळतो. ही चित्रं छातीपर्यंतच असतात, चेहरा हातभर अंतरावर, कारण बघणाऱ्याने जवळ यावं.

तिसरं चित्र नेदरलँड्सचं नाहीच. ते ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं, १५१२ ते १५१६ मधलं, आज फ्रान्समधल्या कोल्मारला आहे. अंगभर फोड असलेला तो येशू ज्या मठासाठी रंगवला, तिथे बुरशी लागलेल्या धान्याने हातपाय सडलेल्या रोग्यांची शुश्रूषा होत असे. आजारी माणसांसमोर मुद्दाम ठेवलेलं चित्र दाखवून 'आजारपण येतं' म्हणायचं? ज्यांना मरताना सोबत हवी होती, त्यांची सोबत होती ती.

आणि मन खचण्याबद्दल शेवटचं. मजकुरातलं पहिलं चित्र बाउट्सच्या कार्यशाळेतलं आहे. सोनेरी पार्श्वभूमी, लाल झालेले डोळे, गालावर अश्रू. अशा येशूशेजारी मारियाचं चित्र जोडीने असायचं, बिजागरीने जोडून पुस्तकासारखं उघडायचं. पांढरा रुमाल डोक्यावर, हात जोडलेले, तिचेही डोळे रडून लाल. मजकूर करणाऱ्याने ते अर्धं ठेवलंच नाही. म्हणून मावशीला एकटा रक्ताळलेला चेहरा दिसला, आणि शेजारी बसून त्याच्यासाठी रडणारी आई दिसली नाही. मावसा वारला, तेव्हा हीच मावशी त्या तसबिरीखाली बसून रात्र रात्र जपमाळ म्हणत होती. तेव्हा तिचं मन खचलं नव्हतं. ती उभी राहिली.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून मी तिला पाठवली आहेत. रविवारी मिस्सानंतर वसईला जाऊन तसबीर परत लावून येतो.