अनुभव आणा म्हणे! आणू कुठून?

मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यावर, एआय मॉडेल ट्रेन केल्याचा अनुभव देवगडच्या बाजारात डझनावर मिळतो काय? मिळत असेल तर सांगा, पेटीभर घेऊन येतो.

एआय संशोधन करणाऱ्या कंपनीची जाहिरात, जागा मशीन लर्निंग इंजिनिअरची. अट पहिलीच: शेकडो जीपीयूंवर (मॉडेलची आकडेमोड करणाऱ्या चिपांवर) डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे काम वाटून, ट्रेनिंग केलेलं हवं. अहो, हिशेब तरी करा. ७ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकून घ्यायच्या ७ अब्ज आकड्यांचं, मॉडेल अ‍ॅडम हे ट्रेनिंगचं सूत्र वापरून नेहमीच्या पद्धतीने पूर्ण ट्रेन करायचं, तर पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट मेमरी लागते. झाले ११२ जीबी, अ‍ॅक्टिव्हेशन (मधल्या आकडेमोडीची जागा) वेगळीच. माझ्याकडे काय, तर गूगलच्या कोलॅबवरचा फुकटचा टी४ जीपीयू, १६ जीबीचा, आणि तोही काम रंगात आलं की हात झटकून मोकळा. त्यावर लोरा (थोडेसे जोड-आकडेच ट्रेन करायची युक्ती) लावून लहान मॉडेलं फाइन-ट्यून केली, पायटॉर्च या लायब्ररीत ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आजच्या भाषा-मॉडेलांचा सांगाडा, कोऱ्या फाइलपासून लिहिला. ते म्हणे ‘वैयक्तिक प्रोजेक्ट’, अनुभवात धरत नाहीत. क्लस्टर ज्यांच्या घरात, नोकरी देणारेही तेच. आणि नोकरी नसेल तर क्लस्टरला हात लावू देणार नाहीत! (गेल्या वर्षी एकाने तर लार्ज लँग्वेज मॉडेलचा दहा वर्षांचा अनुभव मागितला होता. ट्रान्सफॉर्मरचा पेपरच जून २०१७ चा!)

तरी एकदा मुलाखत लागली. जुलैत. कॅलिफोर्नियातले सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे १०:३०. त्यांची वेळ बदलून मिळत नाही, आपली झोप मात्र बदलते. त्याच संध्याकाळी माडाची झावळ वायरवर पडली, लाईट गुल. नऊला इन्व्हर्टरनेही मान टाकली. घरात रेंज म्हणजे खिडकीत एक कांडी, तीही वारा पडला तर. मग लॅपटॉप प्लास्टिकमध्ये गुंडाळला, स्कूटर काढली, आणि सड्यावरच्या एसटीच्या थांब्यात जाऊन बसलो. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, आजूबाजूला बेडूक. समोरच्याने दोनदा विचारलं, मागे कसला आवाज? काय सांगू, आमची पॅनेल आहे म्हणून?

प्रश्न: ४५ मिनिटांत अटेन्शन (कुठल्या शब्दाने कुठल्या शब्दाकडे किती बघायचं ते ठरवणारा ट्रान्सफॉर्मरचा भाग) लिहा, मग केव्ही कॅश (आधीची आकडेमोड साठवून पुन्हा वापरणं) जोडा. लिहिलं, बारीकसारीक नियम सांभाळून. स्कोअरला डीच्या वर्गमुळाने भागलं, मास्क सॉफ्टमॅक्सच्या आधी लावला, कॅश चालली, आउटपुट तंतोतंत जुळलं. बॅटरी ९ टक्के. तो म्हणाला, छान. आणि मग तोच प्रश्न: ‘किती जीपीयूंवर काम केलंय?’

एक, म्हटलं.

तीन आठवडे चिडीचूप. मग उत्तर देता न येणाऱ्या पत्त्यावरून मेल, ‘इतर उमेदवार अधिक अनुरूप वाटले.’ कुठे कमी पडलो, एक ओळ नाही. रात्री सड्यावर भिजत बसलेल्या माणसाला एक ओळ देता येत नाही तुम्हाला?

इकडे गणपतीला मुंबईहून चाकरमानी उतरले. आरती संपायच्या आत शेजारचे आबा, ‘झिला, गावली काय रे नोकरी?’ नाय गावली, आबा. मोदक खावा.

काल त्याच कंपनीची मेल, ‘तुमच्या प्रोफाइलला साजेशी नवी जागा.’ उघडली. रेझ्युमे अपलोड करा. केला. खाली त्याच रेझ्युमेतलं सगळं पुन्हा टाइप करायला रिकामे रकाने, आणि तारांकित रकाना एकच: जीपीयूंची संख्या.