डोकं उचललं म्हणून नळी काढायची? – एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब,

मायस्थेनिया ग्रॅव्हिस (नसेचा संदेश नीट न पोचल्यानं स्नायू दुबळे पडणारा आजार) असलेल्या पेशंटच्या भुलीवरचा माझा लेख म्हणजे ‘एसीत बसून केलेलं प्रवचन’, सुगमाडेक्स (भुलीत स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा, म्हणजे रिलॅक्संटचा, असर उतरवणारं औषध) तालुक्याला परवडत नाही, आणि ‘पेशंटनं पाच सेकंद डोकं उचललं की श्वासाची नळी काढावी, मॉनिटरचे चोचले कशाला’, असं आपण लिहिलंत. मतभेद असावेत, पण प्रवचन? भूल देण्यात माझीही उमेदीची वर्षं गेली, त्यातली बरीचशी एसी बंद पडलेल्या थिएटरांत.

सुगमाडेक्स महाग आहे, मान्य. तो विषय संपला.

आता त्या डोक्याचं. टीओएफ (ट्रेन-ऑफ-फोर) म्हणजे नसेला विजेचे ओळीनं चार झटके देऊन स्नायूचे प्रतिसाद बघणं; चौथा प्रतिसाद पहिल्याच्या किती पट, तो रेशो. हा रेशो 0.6 च्या आसपास असतानाही बरेच पेशंट पाच सेकंद डोकं धरून ठेवतात. नळी काढायला तो किमान 0.9 हवा. रेशो 0.4 च्या वर गेला की फेड (प्रतिसाद क्रमानं क्षीण होत जाणं) हाताला जाणवतच नाही, आणि घशाचे स्नायू तर आणखी उशिरा सावरतात. मायस्थेनियात याच्या उलटही घडतं. मान आजारामुळेच उचलत नसते आणि आपण रिलॅक्संट उरलाय समजून तो उतरवणारं निओस्टिग्मिन देत बसतो. पायरिडोस्टिग्मिन (मायस्थेनियाचं नेहमीचं औषध) चालू असलेल्या पेशंटचं, नसेचा संदेश पोचवणारं रसायन मोडणारं एन्झाइम आधीच अडवलेलं असतं. त्यावर आणखी 0.05 मिग्रॅ/किलो निओस्टिग्मिन गेलं की लाळ, मंदावलेली नाडी आणि वाढलेला अशक्तपणा. फाइलवर मात्र ‘आजार बळावला’ एवढंच लिहिलं जातं!

म्हणून झोपवणारं प्रॉपोफोल दिल्यावर, पण रिलॅक्संटच्या आधी, मनगटाशी अल्नर नर्व्हवर (करंगळीच्या बाजूची नस) इलेक्ट्रोड लावून अंगठ्याचा बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा, रेशो टिपायचा. भुवईवर लावू नका. डोळ्यांचा मायस्थेनिया असेल तर तिथलं वाचन फसवतं. बेसलाइनच 0.9 च्या खाली निघाली तर रिलॅक्संटचा हात आणखी आखडता.

आणि ॲट्राक्यूरियम या रिलॅक्संटला मी नाही कधी म्हटलं? नेहमीच्या 0.5 ऐवजी 0.1 ते 0.2 मिग्रॅ/किलोनं सुरुवात करा, टॉप-अप घड्याळ बघून नव्हे, तर टीओएफ बघून द्या. ते आपोआप विघटित होतं. रिव्हर्स करण्याची घाई नको, पेशंट व्हेंटिलेटरवर राहू द्या. हे तालुक्यालाही परवडतं, फक्त थांबण्याची तयारी लागते. नसेला नुसते झटके देणाऱ्या साध्या स्टिम्युलेटरवर रेशो दिसत नाही. चारही प्रतिसाद मोजता आले म्हणजे 0.9 गाठलं असं नव्हे, त्यामुळे तिथे तर जास्तच थांबायला हवं.

स्नायूंचा अशक्तपणा वाढवणाऱ्या मॅग्नेशियम आणि जेंटामायसिनबद्दल आपण जे शिकवलंत, ते लेखात आहेच. पुढची प्रतिक्रिया लेख शेवटपर्यंत वाचून द्यावी.