रात्रभर चार्जिंगला लावला म्हणून फोन फुटत नाही

'रात्रभर चार्जिंग करू नका, बॅटरीत करंट भरत राहतो आणि स्फोट होतो. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. दुसऱ्या कंपनीचा चार्जर वापरू नका. फोन तापला तर फ्रिजमध्ये ठेवा.' हा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला पाठवतंच. मी मोबाइल दुरुस्त करतो. यातला शेवटचा सल्ला ऐकून खराब झालेला फोन समोर आला की फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी 'करंट भरत राहतो' हे पाहू. भिंतीला लावतो तो फक्त अडॅप्टर. बॅटरी चार्ज करणारं सर्किट फोनच्या आत असतं, आणि किती करंट घ्यायचा ते तेच ठरवतं. माझ्या टेबलावर छोटा यूएसबी मीटर आहे. तो केबलला जोडला की सगळं डोळ्यांसमोर दिसतं. २० टक्क्यांवरचा फोन दोनेक अँपिअर खेचतो, ८० च्या पुढे आकडा उतरू लागतो आणि १०० झाल्यावर थोड्या वेळात जवळजवळ शून्यावर येतो. फोनच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल साधारण ४.२ व्होल्टला पोहोचला (काही नव्या सेलमध्ये ही मर्यादा थोडी वर असते) की सर्किट व्होल्टेज तिथेच धरून ठेवतं, करंट कमी करत नेतं आणि शेवटी थांबवतं. शिवाय बॅटरीच्या टोकाला आणखी एक संरक्षक सर्किट असतं. पहिलं चुकलं तर ते जोडणी तोडतं.

म्हणजे रात्रीच्या चार्जिंगने काहीच होत नाही का? होतं. १०० टक्क्यांवर तासन्तास राहिलेली आणि त्यात गरम झालेली बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणूनच हल्ली बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते. ती सुरू करा आणि फोन उशीखाली ठेवू नका, कारण तिथे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. घड्याळात किती तास झाले यापेक्षा फोन किती तापला, हे बघा.

'पूर्ण उतरू द्या' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा चार्ज केल्या की त्यांची क्षमता कमी झाल्यासारखी वाटायची. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तिला ही खोड नाही. उलट दर वेळी शून्यापर्यंत नेलं तर ती जास्त झिजते. ४० वर असताना लावा, ६० वर लावा, काही बिघडत नाही. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर मात्र निम्मा चार्ज करून ठेवा. शून्यावर महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी बऱ्याचदा पुन्हा उठतच नाही.

दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालतो. फोन आणि चार्जर आधी आपसात व्होल्टेज ठरवतात, जमलं नाही तर ५ व्होल्टवर हळू चार्जिंग होतं. भीती बाळगा ती बनावट चार्जरची. त्याच्या आत घरातली वीज आणि केबल यांच्यातलं इन्सुलेशनच कच्चं असू शकतं.

आता फ्रिज. कृपा करून हे करू नका. थंडगार फोन बाहेर काढला की हवेतली वाफ त्यावर, आणि आतही, पाण्याच्या थेंबांच्या रूपात जमते. सर्किटवर पाणी म्हणजे गंज. तापलेल्या फोनची केबल काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. बस.

आणि एक गोष्ट या मेसेजमध्ये कुठेच नाही. फोनचं मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीनच्या कडेला फट दिसतेय, टेबलावर ठेवला तर फोन डुलतोय, अशी लक्षणं दिसली तर आत वायू साठून बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. झाकण दाबून बसवू नका, बॅटरीला टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका. फोन बंद करा आणि त्याच दिवशी बॅटरी बदलून घ्या.